दोन लेख, दोन नशिबे : गणितज्ञ दामोदर कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते इतिहासकाराचे म्हणून. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर जुन्नरच्या लेण्यांपासून ग्रामदेवतांच्या शेंदरी तांदळ्यांपर्यंत सर्वत्र त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. परंतु कोसंबींचा चरितार्थाचा व्यवसाय इतिहास नव्हता. १९२९ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, ते गणिताचे अध्यापक व संशोधक होते. बनारस, अलीगढ, पुणे आणि मुंबई अशा चार ठिकाणी त्यांनी गणितच शिकविले अथवा गणितातच संशोधन केले.

या गणिती जीवनात लागोपाठच्या दोन वर्षांत त्यांनी दोन लेख लिहिले. पहिला १९४३ चा, तेरा पानांचा. दुसरा १९४४ चा, अवघ्या चार पानांचा. पहिल्या लेखातील कल्पना आज प्रतिमाशास्त्र, भूकंपशास्त्र, वायुगतिशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत नित्य वापरली जाते. पण बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या लेखातील सूत्र जगातल्या प्रत्येक वनस्पती-जनुकशास्त्रज्ञाच्या तोंडी आहे आणि ते ‘कोसंबी’ याच नावाने आहे. लेखक एक, शहर एक, काळ एक. मग नशिबे दोन कशी? या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. संशोधकाचे मोल त्याच्या लेखाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून ठरविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही संदर्भसूची सुरू केली. कोणत्या लेखाचा कोणी, कोठे उल्लेख केला हे शोधता यावे, हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे तो शोधण्याचा दिवा मोजण्याची पट्टी झाला. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकाने संशोधकाची सारी कारकीर्द एकाच अंकात सांगणारा ‘एच’ निर्देशांक सुचविला. २०१० मध्ये आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. ज्यांनी शासकीय सेवेत वार्षिक गोपनीय अहवाल लिहिले आहेत आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले आहेत, त्यांना अशा श्रेणींचा गुण आणि दोष दोन्ही ठाऊक असतात. श्रेणी खोटी नसते. पण ती माणसाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक ती पाहणाऱ्याच्या जागेविषयी सांगते. कोसंबींच्या दोन लेखांची कथा हेच दाखविते, असे मला वाटते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे प्रकांड पंडित. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते. आपल्या विदर्भाशी त्यांचे अखेरचे नाते जडले. १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी जाताना १९१८ मध्ये त्यांनी दामोदरला बरोबर नेले. शाळा व महाविद्यालय दोन्ही अमेरिकेत झाले आणि १९२९ मध्ये दामोदर हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन परतले. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कहॉफ हे त्यांचे गुरू होते. जवळच्याच मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. वीनर यांचे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

परत आल्यावर दोन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात घालवून कोसंबी अलीगढला गेले. तेथील गणित विभागाचे प्रमुख होते आंद्रे वेल हे तरुण फ्रेंच गणिती. त्यांच्या सूचनेवरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक खोडकर लेख लिहिला. बूर्बाकी नावाच्या एका अज्ञात रशियन गणितज्ञाच्या ‘दुसऱ्या प्रमेया’चा विस्तार, असा त्याचा विषय होता. असा गणितज्ञ मुळात नव्हताच! एका ज्येष्ठ सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी योजलेली ती थट्टा होती. पुढे १९३५ च्या सुमारास वेल व त्यांच्या फ्रेंच मित्रांनी ‘निकोला बूर्बाकी’ हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली आणि ते नाव जगप्रसिद्ध झाले. गणिताच्या छापील साहित्यातील बूर्बाकीचा पहिला उल्लेख मात्र कोसंबींचा. ज्या संदर्भोल्लेखांना आज एवढे मोल आहे, त्यांपैकी एक अस्तित्वात नसलेल्या माणसाचा होता आणि तो चोविशीतल्या एका गोमंतकीयाने छापून आणला होता, ही गोष्ट मोजदाद करणाऱ्यांनी विसरू नये.

अलीगढनंतर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. या काळातील त्यांचे पहिले मोठे काम भूमितीतील होते. १९३३ मध्ये जर्मनीतील ‘मॅथेमॅटिश त्साइटश्रिफ्ट’ या मान्यवर नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्याच अंकात लगेच पुढे त्या लेखावर एली कार्तां यांचे विवेचन छापले गेले. कार्तां त्या वेळी चौसष्ट वर्षांचे, युरोपातील अग्रगण्य भूमितिज्ञ. पुढे चीनचे शीइंग-शेन चर्न यांनी १९३९ मध्ये तोच विषय आणखी पुढे नेला. आज तो ‘कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त’ म्हणून ओळखला जातो. येथे नाव का टिकले, हे स्पष्ट आहे. लेखाला त्याच अंकात उत्तर मिळाले. संवाद सुरू झाला. पुढच्याने मागच्यांची नावे घेतली. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

आता १९४३ च्या लेखाकडे वळू. त्याचे मर्म समजण्यासाठी हरात्मक विश्लेषणाची, म्हणजेच ‘हार्मोनिक ॲनालिसिस’ या गणितशाखेची तोंडओळख हवी. तंबोऱ्याची एक तार छेडली तर कानाला एक स्वर ऐकू येतो; पण जाणत्या गवयाला त्याच तारेतून गांधारही ऐकू येतो. एका स्वरात अनेक सूक्ष्म स्वर दडलेले असतात. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना हेच तत्त्व गणितात आणले. १८०७ मध्ये त्याने ते पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे मांडले आणि १८२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोणताही नियमित वळसे घेणारा आलेख साध्या लहरींच्या बेरजेतून उभा करता येतो, हे त्याचे सांगणे. फूरिये स्वतः प्रशासक होता. ईझेर जिल्ह्याचा कारभार पाहत असताना त्याने हे गणित केले, याचे आमच्यासारख्यांना विशेष अप्रूप वाटते.

फूरियेच्या लहरी ठरलेल्या असतात. परंतु निसर्गातील पुष्कळ आलेख ना नियमित असतात, ना लवकर विरून जाणारे. नदीची पातळी, वाऱ्याचा वेग, तारेवरून येणारी खरखर या सर्वांत यदृच्छेचा भाग असतो. १९३० मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी ‘व्यापक हरात्मक विश्लेषण’ मांडून अशा अखंड चालणाऱ्या खरखरीचेही लहरींत पृथक्करण करण्याची वाट काढली. कोसंबींच्या १९४३ च्या लेखाचे नाव होते ‘फलावकाशातील संख्याशास्त्र’ आणि तो ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या नियतकालिकात आला. या लेखाने पुढचे पाऊल टाकले.

ते पाऊल आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. तहसील कचेरीत पर्जन्यमापकाची नोंदवही असते. जून ते सप्टेंबर या काळातील दररोजच्या पावसाचा आलेख काढला, तर दर वर्षी एक वक्ररेषा मिळेल. पन्नास वर्षांच्या पन्नास वक्ररेषा. त्यांची सरासरी काढणे सोपे आहे. पण दर वर्षीची रेषा सरासरीपासून ढळते, ती कशी ढळते? एखाद्या वर्षी सगळाच पाऊस उशिरा सरकतो. एखाद्या वर्षी मध्ये पोळ्याच्या सुमारास ताण पडतो. एखाद्या वर्षी सुरुवातीला कमी आणि शेवटी अतोनात. समजा, ढळण्याच्या अशा मोजक्या मूळ ‘घड्या’ आहेत आणि प्रत्येक वर्षाची रेषा म्हणजे सरासरीत या घड्यांची कमी-अधिक मात्रा मिसळून झालेले मिश्रण आहे. तर या घड्या कोणत्या, हे कोण ठरविणार? फूरियेच्या पद्धतीत त्या आधीच ठरलेल्या असतात. कोसंबींचे म्हणणे असे की, नोंदींनाच त्या ठरवू द्याव्यात. कोणत्याही दोन दिवसांचा पाऊस परस्परांशी किती निगडित आहे, हे जाणले की त्यातूनच त्या विशिष्ट नोंदींना साजेशा घड्या निघतात. त्या परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यांची प्रमाणे यदृच्छेने ठरत असली तरी एकमेकांशी निगडित नसतात. शिवाय थोड्यात थोड्या घड्यांत अधिकात अधिक माहिती सामावते. संपूर्ण वक्ररेषेलाच एका विशाल अवकाशातील एक बिंदू मानून त्या बिंदूंचे संख्याशास्त्र मांडण्याची ही दृष्टी १९४३ मध्ये नवी होती. सुट्या आकड्यांसाठी या जातीचे विश्लेषण हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये दिले होते. अखंड वक्ररेषांसाठी ते मांडणाऱ्यांत कोसंबी पहिल्या ओळीत होते.

यानंतर काय घडले? मिशेल लोएव्ह यांनी १९४५ ते १९४८ या काळात आणि फिनलंडचे कारी कारहुनेन यांनी १९४७ च्या आपल्या प्रबंधात हाच विस्तार स्वतंत्रपणे मांडला. अमेरिकेत मार्क काट्स व आर्नल्ड सीगर्ट यांनी १९४७ मध्ये रेडिओ-ग्राहकातील खरखरीच्या अभ्यासात तो वापरला. प्रमेय रूढ झाले ते ‘कारहुनेन-लोएव्ह’ या नावाने. जॉन लम्ली यांनी १९६७ मध्ये प्रवाहांतील खळबळीच्या अभ्यासासाठी ही पद्धत आणली. १९८७ मध्ये सिरोविच व किर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे मोजक्या मूळ चेहऱ्यांच्या मिश्रणातून उभी करून दाखविली. आपल्या मोबाइलमधील छायाचित्रे ज्या पद्धतीने आकसून साठविली जातात, तिच्या मुळाशी नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांचे १९७४ चे काम आहे. ते काम किती चांगले, हे ज्या आदर्शाशी ताडून पाहिले गेले तो आदर्श म्हणजे हाच कारहुनेन-लोएव्ह विस्तार. या साऱ्या प्रवासात कोसंबींचे नाव क्वचितच आढळते.

येथे ‘पाश्चात्त्यांनी आपल्या माणसाला डावलले’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. कारहुनेन यांचा प्रबंध फिनलंडसारख्या छोट्या देशातील अकादमीच्या वृत्तान्तात, जर्मन भाषेत छापला गेला. तो जगभर हातोहात गेला असेल, असे नव्हे. कारहुनेन स्वतः पुढे विमाव्यवसायात शिरले. लोएव्ह हे कोसंबींच्याच वयाचे, १९०७ सालचेच. जन्म जाफाचा, शिक्षण पॅरिसचे. नाझींच्या अमलात ज्यू म्हणून द्रांसीच्या छावणीत त्यांना कैद भोगावी लागली. सुखाचा मार्ग कोणाचाच नव्हता. मग अंतर कशाने पडले? माझ्या मते ते एका पाठ्यपुस्तकाने पडले. लोएव्ह पुढे बर्कली येथे प्राध्यापक झाले आणि १९५५ मध्ये संभाव्यताशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ निघाला. एका पिढीने तो विषय या ग्रंथातून शिकला. विद्यार्थ्याला मूळ लेख माहीत नसतो, पुस्तक माहीत असते. पुस्तकात जे नाव आले, ते अभियंत्याच्या वहीत गेले. वहीतून संगणकाच्या आज्ञावलीत गेले. कोसंबींच्या प्रमेयाला असे पुस्तक मिळाले नाही. स्वतः कोसंबींनीही ते लिहिले नाही.

आता दुसरा लेख. तो १९४४ मध्ये लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. विषय होता गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर. हे अंतर प्रत्यक्ष मोजता येत नसे. पिढी बदलताना जोडीतील गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी ती एकमेकांपासून विलग होण्याची शक्यता अधिक. म्हणून संततीत किती टक्के विलग झाली, यावरून अंतराचा अंदाज बांधतात. अडचण अशी की, दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात आणि मोजणीतून निसटतात. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. पण एका ठिकाणची अदलाबदल दुसरीवर काहीच परिणाम करीत नाही, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही. अंतर वाढेल तशी ही आडकाठी कमी होते. कोसंबींनी ही आडकाठी हिशेबात घेतली आणि चार पानांत एक सुटसुटीत सूत्र दिले.

फरक किती पडतो, ते पाहा. विलग होण्याचे प्रमाण ५ टक्के असेल तर दोन्ही सूत्रांनी उत्तर ५ सेंटिमॉर्गनच्या आसपासच येते. प्रमाण २० टक्के असेल तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ आणि कोसंबींच्या सूत्राने २१.२ सेंटिमॉर्गन. प्रमाण ३० टक्के झाले की ४५.८ आणि ३४.७. म्हणजे एकाच शेतातील एकाच पिकाच्या त्याच नोंदींतून दोन भिन्न नकाशे तयार होतात. १९८७ मध्ये जनुकीय नकाशे काढण्यासाठी ‘मॅपमेकर’ ही संगणक-आज्ञावली आली, तेव्हा तिच्यात वापरणाऱ्यापुढे दोन पर्याय ठेवलेले होते : हॉल्डेन किंवा कोसंबी. तेव्हापासून भात, गहू, मका, हरभरा यांच्या शेकडो नकाशांवर ‘अंतरे कोसंबी सेंटिमॉर्गनमध्ये’ अशी टीप दिसते.

वैनगंगेच्या खोऱ्यातील आपल्या जिल्ह्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बालाघाट हा भाताचा जिल्हा. येथील चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुगंध, दाण्याचा आकार किंवा रोगप्रतिकार यांची जनुके भाताच्या कोणत्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे शोधणारा शास्त्रज्ञ कोणत्याही देशातला असो, फर्ग्युसन महाविद्यालयातील एका गणिताच्या प्राध्यापकाचे नाव त्याच्या संगणकाच्या पडद्यावर उमटतेच. त्यातील कित्येकांना हे नाव एका मराठी घरातले आहे, हे ठाऊकही नसेल.

दोन लेखांची तुलना केली म्हणजे कारणे दिसू लागतात. जनुकशास्त्रज्ञांना १९४४ मध्ये अशा सूत्राची निकड होती. प्रश्न आधी होता, उत्तर नंतर आले. शिवाय ते सूत्र कागद-पेन्सिलीने वापरता येत होते, आणि ज्यांना ते हवे होते त्यांच्याच वाचनातील नियतकालिकात आले. १९४३ च्या प्रमेयाचे उलट झाले. ते उत्तर आधी आले. प्रश्न विचारणारे नंतर जन्मले. वक्ररेषेतून घड्या काढण्यासाठी जे प्रचंड आकडेमोडीचे काम करावे लागते, ते संगणकावाचून अशक्य होते. संगणक हाती आले तेव्हा अभियंत्यांनी जवळच्या कपाटातील पुस्तक उघडले. युद्धकाळात भारतात छापलेला अंक त्या कपाटात नव्हता. म्हणजे नाव टिकणे न टिकणे हे पुष्कळदा कल्पनेच्या खोलीवर ठरत नाही. ती कल्पना वापरणारा माणूस कोठे उभा आहे आणि त्याच्या हाताला काय लागते, यावर ठरते. चार पानांचा लेख तेरा पानांच्या लेखापेक्षा मोठा होता, असे कोणी म्हणणार नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना यात नवल वाटू नये. मूळ टिपण कोणी लिहिले, हे जुन्या फायलीत असते. आदेश मात्र ज्याच्या सहीने निघतो, त्याच्या नावाने लोकांच्या लक्षात राहतो.

याला आणखी एक बाजू आहे. संदर्भोल्लेख न होणे, हे नेहमीच उपेक्षेचे लक्षण नसते. आज फूरियेची पद्धत वापरणारा कोणीही १८२२ चा ग्रंथ संदर्भ म्हणून देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले की, एखादा विचार सर्वांचा झाला की त्याचा कर्ता दिसेनासा होतो. ‘कोसंबी फल’ वापरणाऱ्या अनेक लेखांतही सूत्राचे नाव तेवढे असते. मूळ लेख संदर्भयादीत नसतो. म्हणजे नाव सर्वत्र आणि मोजणीत भर शून्य! तिकडे संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिग्लर यांनी १९८० मध्ये असा नियमच सांगितला की, कोणत्याही शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव मिळत नाही. आणि हा नियमही मूळचा मर्टन यांचाच, असे नमूद करून त्यांनी आपलेच म्हणणे सिद्ध केले.

कोसंबींची स्वतःची नाणी येथे आठवतात. संख्याशास्त्राचा प्रत्यक्ष सराव व्हावा म्हणून त्यांनी १९४० च्या सुमारास तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी अचूक काट्यावर तोलली. नाणे जितके अधिक हातांतून फिरते, तितके झिजते. म्हणून वजनातील घट आणि वजनांतील तफावत यांवरून कोणते नाणे किती काळ चलनात होते, हे सांगता येते. या तोलण्यातूनच ते इतिहासाकडे वळले, कारण ठसे कोणाचे हे गणिताला सांगता येईना. गणितातील सिद्धान्तांचेही असेच होते. जो फार फिरतो, त्याच्यावरील ठसा झिजतो. फूरियेचा ग्रंथ असा झिजला. कोसंबींच्या १९४३ च्या नाण्याचे मात्र वेगळे झाले. तेच नाणे दुसऱ्या टांकसाळींत पुन्हा पाडले गेले आणि चलनात आले ते त्यांच्या ठशाने.

सत्य सांगायचे तर, गणितज्ञ म्हणून कोसंबींची पुढची वाट त्यांच्या नावाला पोषक ठरली नाही. १९४५ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणे-येणे सुरू झाले. पण मन हळूहळू इतिहासात, भर्तृहरीच्या सुभाषितांच्या संपादनात आणि जागतिक शांतता चळवळीत अधिक रमू लागले. १९५९ मध्ये त्यांनी संभाव्यतेच्या आधारे रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात केला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांची पत घसरली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना सन्माननीय वैज्ञानिक म्हणून नेमले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते संलग्न झाले. २९ जून १९६६ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या काळी संदर्भसूची नुकती कोठे छापली जाऊ लागली होती. ती हाती असती तरी १९४३ च्या लेखाविषयी तिने १९६२ मध्ये काहीही सांगितले नसते. वक्ररेषांच्या त्या गणिताचे पीक अजून उगवायचे होते.

अलीकडे थोडी दुरुस्ती होत आहे. ख्यातनाम वायुगतिशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये कोसंबींच्या या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी संपादित केलेला कोसंबींच्या निवडक गणिती व संख्याशास्त्रीय लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही पुस्तकांत आता ‘कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह प्रमेय’ असे त्रिपदी नाव दिसते. कारहुनेन व लोएव्ह यांचे श्रेय त्यामुळे तिळमात्र कमी होत नाही. त्यांनी ते स्वतंत्रपणे आणि अधिक सविस्तर मांडले होते.

ही दुरुस्ती कशाने झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणत्याही निर्देशांकाने ती केली नाही. तेरा पानांचा जुना लेख कोणी तरी कपाटातून काढला, धूळ झटकली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, म्हणून ती झाली. मोजदाद सोपी असते. तिला वाचावे लागत नाही. म्हणूनच नेमणुका, बढत्या आणि पुरस्कार ठरविणाऱ्यांना ती प्रिय असते. पण ज्या लेखाचा काळ अजून यायचा आहे, त्याच्यापुढे आज शून्यच लिहिलेले असणार. आणि त्या शून्याच्या आधारे एखाद्या तरुण संशोधकाला दाराबाहेर ठेवले, तर ती चूक दुरुस्त व्हायला सत्तर वर्षे लागू शकतात. कोसंबींपाशी इतिहास होता. दुसरे दार त्यांनी स्वतः उघडले. प्रत्येकापाशी ते असेलच, असे नाही.